लुंगीचा मुलूख

सोमालिया म्हटलं की आपल्याला समुद्री चाचे आठवतात. मार्च २०२४मध्ये नौदलाच्या ‘कोलकाता’ या युद्धनौकेनं पळवलेलं ‘रुएन’ जहाज सोडवलं आणि ३५ सोमाली चाच्यांना मुंबईत आणून पोलिसांच्या हवाली केलं. चार दिवस त्या देशाचं नाव वर्तमानपत्रांत होतं, मग पुन्हा मागे पडलं. चाचेगिरी, दुष्काळ आणि यादवी यांपलीकडे आपली ओळख जात नाही. तिथला साधा माणूस संध्याकाळी घरी आल्यावर काय नेसतो, हे विचारायचं कुणाला सुचत नाही. तो लुंगी नेसतो.

सोमाली भाषेत तिला मअवीस म्हणतात. लुंगीसारखं काहीतरी नाही, लुंगीच. दोन टोकं एकमेकांना शिवून केलेली कापडाची नळी. ती पायांतून चढवायची, एका बाजूला ताणायची, जादा कापडाची घडी पोटावर आणायची आणि वरचा काठ दोन-तीनदा दुमडून पीळ बसवायचा. पट्टा नाही, नाडी नाही, बटण नाही. वर सदरा, खांद्यावर शाल, डोक्यावर नक्षीची गोल टोपी. महाडच्या किंवा खेडच्या मोहल्ल्यातले एखादे वयस्कर चाचा मोगादिशूच्या मशिदीबाहेर उभे केले, तर निदान कपड्यांवरून त्यांना कुणी परका म्हणणार नाही.

कोशांत आणि प्रवासवर्णनांत मअवीसची नोंद ‘सोमाली पुरुषांचा पारंपरिक पोशाख’ अशी असते. नोंद बरोबर आहे. पण पारंपरिक म्हटल्यावर आपण मनात जे धरून चालतो, म्हणजे तिथलाच कापूस, तिथलाच माग आणि बापजाद्यांपासून न बदललेली तऱ्हा, त्यातलं फारसं काही इथे लागू पडत नाही. ते कसं, हे या प्रकरणात पाहायचं आहे. त्यासाठी बसायला मी जागा निवडली आहे ती कशेडीच्या घाटातली.

कशेडीच का? पोलादपूर सोडलं की दक्षिणेकडे हा घाट लागतो. इकडे रायगड जिल्हा संपतो, पलीकडे रत्नागिरी जिल्ह्यातला खेड तालुका सुरू होतो. चाकरमानी गणपतीला गावी निघाला की ‘कशेडी उतरलो’ हा त्याचा फोन घरच्यांसाठी पुरेसा असतो. आता दोन किलोमीटरच्या आसपास लांबीचा बोगदा झाला आहे आणि पाऊण तासाची वळणं दहा मिनिटांत संपतात. पण आपल्याला वळणांशी कर्तव्य नाही, रस्त्याशी आहे. हा राष्ट्रीय महामार्ग ६६. पनवेलला सुरू होतो आणि कोकण, गोवा, कारवार, मंगळूर, कण्णूर, कोची असं करत कन्याकुमारीला संपतो. देशाच्या ज्या किनाऱ्यावर पुरुष कासोट्याविना कापड नेसतात, तो किनारा हा रस्ता जवळजवळ टोकापासून टोकापर्यंत धरून जातो. घाटातल्या टपरीवर चहाला थांबलेल्या ट्रकांचे नंबर वाचत बसलं, की त्या किनाऱ्याची सगळी राज्यं समोरून जातात, आणि चालक खाली उतरले की त्यांच्या लुंग्याही.

त्या सगळ्या सारख्या नसतात. केरळचा चालक बहुधा चौकडीची किंवा गडद रंगाची ‘कैली’ नेसलेला असतो; खाली उतरताच खालचा काठ उचलून गुडघ्यावर दुहेरी घडी मारतो. हीच घडी वडीलधारं माणूस समोर आलं की तो सोडतो. लुंगी अर्ध्यावर खोचून मोठ्यांशी बोलणं तिकडे उद्धटपणाचं. तमिळ चालकाच्या लुंगीच्या चौकड्या मोठ्या आणि रंग जास्त भडक. गुडियात्तम आणि कुरिंजिपाडी ही तिकडची लुंगी विणणारी जुनी गावं. आपल्या कोकणी मुसलमानाची लुंगी पायघोळ, घोट्यापर्यंत येणारी, आणि ती तो सहसा अर्ध्यावर खोचत नाही. नमाजाला उभं राहायचं तर गुडघे झाकलेले हवेत.

ट्रकचालक लुंगी का पसंत करतो, याचं कारण जुन्या ट्रकच्या केबिनमध्ये बसलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. इंजिन मांडीशेजारी तापत असतं, सीट रेक्झिनची, घाम मुरायला जागा नाही. पँट अंगाला चिकटते. लुंगीत खालून वारा खेळतो. रात्री तीच पांघरायची, सकाळी ओढ्यावर तीच नेसून अंघोळ करायची, पिळून केबिनच्या मागे टाकली की पुढच्या नाक्यापर्यंत वाळते. पैसे कनवटीला. सप्टेंबर २०१९मध्ये सुधारित मोटार वाहन कायदा लागू झाला, तेव्हा लुंगी-बनियन घालून ट्रक चालवणाऱ्यांना लखनौत २००० रुपये दंड होतो आहे अशा बातम्या झळकल्या. त्यावर नितीन गडकरी यांच्या कार्यालयाला जाहीर करावं लागलं, की लुंगी-बनियनवर गाडी चालवण्यासाठी या कायद्यात दंडाची तरतूद नाही. केंद्रीय मंत्र्याच्या कार्यालयानं लुंगीची बाजू घेतल्याचा हा प्रसंग गमतीचा आहे, पण दंडाची बातमी लोकांनी झटकन खरी मानली यात गंमत नाही. लुंगी हा दंड करण्याजोगा कपडा आहे, असं आपल्या मनात कुठेतरी असतंच.

त्याचं एक मूळ कासोट्यात आहे. देशावरच्या पुरुषाचं वस्त्र धोतर, आणि धोतराला कासोटा हवाच. मागे खोचलेला कासोटा दोन्ही पाय वेगळे करतो. घोड्यावर बसा, नांगर धरा, पळा. लुंगीला कासोटा नाही. धोतर नेसणाऱ्या माणसाला ती अर्धवट नेसल्यासारखी वाटते, घरातल्या घरात चालेल अशी. कोकणातही कुणब्याचा वेष वेगळा होता: कामावर लंगोटी, खांद्यावर घोंगडी, घरी पंचा. कोळ्यांचा रंगीत रुमाल तर तिसरीच तऱ्हा. चौकोनी कापड तिरकं कमरेला घ्यायचं, टोक पुढे सोडायचं. म्हणजे एकट्या रायगड जिल्ह्यात कमरेला कापड गुंडाळण्याच्या इतक्या तऱ्हा, आणि त्यांत लुंगी ही मुख्यतः खाडीकाठच्या मुसलमान वस्त्यांतली. ती तिथे कुठून आली याचा माग काढायचा तर समुद्रात उतरावं लागतं.

महाडहून समुद्र दिसत नाही, पण भरती पोचते. सावित्रीची खाडी बाणकोटपासून आत शिरते आणि पूर्वी पडाव, मचवे भरतीच्या पाण्यावर दासगाव-महाडपर्यंत येत. वर सह्याद्रीतून वरंध घाटानं आणि पोलादपूरमार्गे माल उतरे, खाली खाडीतून जाई. महाडच्या वेशीवर गांधारपाले इथे डोंगरात कोरलेली बौद्ध लेणी आहेत. तिथल्या शिलालेखात कानभोअ विष्णुपालित या राजकुमाराचं नाव येतं. इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतली ही लेणी. आडरानात कुणी एवढा खर्च करत नाही. व्यापाराचा पैसा जवळून वाहत होता म्हणून ती झाली.

त्याच काळातलं एक पुस्तक आपल्या कामाचं आहे. पहिल्या शतकात कुणा ग्रीकभाषक व्यापाऱ्यानं लिहिलेलं ‘पेरिप्लस’, म्हणजे तांबडा समुद्र आणि हिंदी महासागर यांच्या किनाऱ्यांची माहितीपुस्तिका. लेखकाचं नाव माहीत नाही, पण कुठे काय विकलं जातं याची त्याला नेमकी जाण होती. कल्याणच्या दक्षिणेची बंदरं सांगताना तो चौलनंतर मंदगोर आणि मग पलैपत्मै अशी नावं देतो. पलैपत्मै म्हणजे महाडजवळचं पालेच, असं काही अभ्यासकांनी मानलं. काहींनी ते दाभोळ ठरवलं. वाद मिटलेला नाही आणि आपल्यासाठी तो मिटायची गरजही नाही. महत्त्वाचा आहे तो त्याच पुस्तकातला सोमाली किनाऱ्याचा भाग. तिथल्या बंदरांत भडोच आणि त्याच्या आसपासच्या मुलखातून जहाजं नेहमी येतात, असं सांगून तो मालाची यादी देतो: गहू, तांदूळ, तूप, तिळाचं तेल, दोन प्रतींचं सुती कापड, कमरेला बांधायची वस्त्रं, आणि वेतासारख्या झाडापासून निघणारा ‘साखरी’ नावाचा मध.

ही यादी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा साखरेपाशी थांबलो होतो, कारण सगळे तिथेच थांबतात. खरा ऐवज त्याच्या आधीच्या शब्दांत आहे. कमरेची वस्त्रं हा वेगळा माल म्हणून नोंदला आहे, ताग्याच्या कापडाबरोबर त्याची मोट बांधलेली नाही. पश्चिम हिंदुस्थानात विणलेलं, कमरेला गुंडाळायच्या मापाचं कापड दोन हजार वर्षांपूर्वी सोमाली किनाऱ्यावर विकलं जात होतं. ते आजच्या मअवीससारखं शिवलेलं होतं की सुटं, हे त्या शब्दांतून कळत नाही. पण गिऱ्हाईक तेच, जागा तीच आणि नेसायची जागाही तीच.

पुढचा चांगला साक्षीदार म्हणजे प्रवासी इब्न बतूता. १३३१च्या सुमारास तो मोगादिशूला उतरला. शहराच्या नावानं ओळखलं जाणारं कापड तिथे विणलं जातं आणि ते मिसरपर्यंत जातं, असं त्यानं लिहून ठेवलं आहे. त्याला मानाचा पोशाख दिला गेला त्यात कमरेला बांधायचं रेशमी वस्त्र होतं. इथले लोक इजार घालत नाहीत, तिच्याऐवजी हे बांधतात, असा खुलासाही तो करतो. म्हणजे सुलतानाच्या दरबारातसुद्धा कमरेला गुंडाळलेलं कापडच चालत होतं. ते गरिबाचं किंवा घरातलं मानलेलं नव्हतं. आपल्याकडच्या लुंगीला हा मान कधी मिळाला नाही.

मोगादिशू, मर्का या बनादिर किनाऱ्यावरच्या शहरांत विणकरांचे मोहल्ले होते. जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसायचं आणि पायटे दाबत विणायचं, म्हणजे आपल्याकडचा खड्डामागच. एकोणिसाव्या शतकापर्यंत या धंद्याला कापूस आणि सूत हिंदुस्थानातूनही जाई. तेव्हा ‘तिथलं’ कापडही पुरतं तिथलं नव्हतं. ही सोमाली विणकरांची उणीव नाही. जिथे कापूस थोडा पिकतो पण वाऱ्याबरोबर जहाजं येतात, तिथे शहाणा माणूस सूत विकत घेतो.

वाऱ्याचा उल्लेख आला तर तोही हिशेब सांगून टाकू. नोव्हेंबर ते मार्च या काळात वारा ईशान्येकडून वाहतो आणि आपल्या किनाऱ्यावरून आफ्रिकेकडे जाणं सोपं होतं. एप्रिल-मेमध्ये तो फिरतो आणि गलबतं परततात. जूनपासून सोमाली किनारा बंद. नारळी पौर्णिमेपर्यंत आपल्याकडेही होड्या शाकारलेल्या असतात. एकाच पावसानं दोन्ही किनारे बंद होतात. त्यामुळे सोमाली किनाऱ्यावरच्या बर्बेरा बंदराचा बाजार हा हंगामी मामला होता. ऑक्टोबर ते एप्रिल तिथे झोपड्यांचं अख्खं शहर उभं राही, आतल्या मुलखातून उंटांचे तांडे डिंक, कातडी, तूप, गुरं घेऊन येत, आणि समुद्राकडून पोरबंदर, मांडवी आणि मुंबईचे बनिया व्यापारी कापड घेऊन उतरत. उन्हाळा चढला की सगळं मोडून रिकामं वाळवंट.

हा बाजार ज्यांनी पाहून लिहिला त्यांत रिचर्ड बर्टन होता. मुंबई फौजेतला अधिकारी, स्वभावानं तिरसट, लिहायला बसला की समोरच्या लोकांबद्दल अनेकदा कडवट. १८५५च्या एप्रिलमध्ये बर्बेराजवळ त्याच्या तळावर हल्ला झाला आणि भाला एका गालातून घुसून दुसऱ्यातून बाहेर आला. तरीही पुढच्या वर्षी त्यानं पुस्तक काढलं. त्यानं वर्णन केलेला सोमाली पुरुष आजच्या मअवीसमधला नाही. त्याचं वस्त्र पांढरं आहे. दोन पाट जोडून केलेली मोठी सुती चादर, अर्धी कमरेला आणि अर्धी खांद्यावर. धनगराच्या देशाला शोभेल असं वस्त्र. रात्री तेच अंथरूण, तेच पांघरूण.

त्या चादरीचं कापड कुठलं होतं? एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर अमेरिकेच्या जाडसर, कोऱ्या कापडाचा बोलबाला होता. इतका, की त्याचं नावच ‘मेरिकानी’ पडलं. १८६१ला अमेरिकेत यादवी पेटली, तिथला कापूस अडला आणि बाजार मोकळा झाला. इकडे १८५४मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईत पहिली कापडगिरणी उभी करायला घेतली होती. पुढच्या काही दशकांत मुंबईच्या गिरण्यांचं जाडंभरडं कापड अमेरिकन आणि इंग्रजी कापडाशी स्पर्धा करत त्याच किनाऱ्यावर उतरू लागलं. गिरण्यांत साचे चालवणारे हात बहुतांशी रत्नागिरी, सातारा आणि कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यांतले. कशेडीच्या दोन्ही अंगांच्या गावांतली माणसं आगबोटीनं भाऊच्या धक्क्याला उतरून परळ-लालबागच्या खोल्यांत राहिली. त्यांनी विणलेला तागा पुढे कुणाच्या अंगावर गेला, हे त्यांना कुणी सांगितलं नाही.

राज्यकारभारही तेव्हा मुंबईचाच होता, ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांतून सुटून गेली आहे. १८३९ला एडन घेतलं गेलं ते मुंबई इलाख्यात सामील झालं. एडनच्या आखातापलीकडे समोर बर्बेरा. १८८४नंतर तिथे ब्रिटिश संरक्षित प्रदेश उभा राहिला, आणि १८९८पर्यंत त्याचा कारभार एडनच्या रेसिडेंटमार्फत, म्हणजे मुंबईच्या छत्राखाली चालला. बर्बेराच्या बाजारात रुपया चाले. कुलाबा जिल्ह्याचा मामलेदार आणि बर्बेराचा अधिकारी यांचे कागद शेवटी एकाच शहरात येत होते. आगबोटींवरचे खलाशी तर कोकणातलेच. मोठ्या इंग्रजी कंपन्यांच्या बोटींवर डेकवरचं काम करणारे सारंग, तांडेल आणि खलाशी रत्नागिरीकडच्या मुसलमान गावांतून भरती होत, आणि युरोपकडे जाणाऱ्या बोटी कोळसा-पाण्यासाठी एडनला थांबत. एडनच्या बाजारात येमेनी, सोमाली आणि कोकणी माणूस एकाच दुकानासमोर उभा राहिला असणार, आणि दुकानात टांगलेलं कापड तिघांच्याही मापाचं.

पुढे विसाव्या शतकात पांढरं वस्त्र मागे पडून रंगीत आलं. जावा-सुमात्रातल्या चौकडीच्या आणि नक्षीच्या लुंग्या हजच्या वाटेनं आणि एडनच्या बाजारातून पश्चिमेकडे पसरल्या. येमेन, सोमालिया आणि आखाती देश हे आजही इंडोनेशियन लुंगीचे चांगले गिऱ्हाईक आहेत. मोगादिशूच्या दुकानात मअवीस घ्यायला गेलात तर ती जावामधून आलेली असण्याचा संभव मोठा. काठाला शिक्का, आत कागदाची पट्टी, पातळ खोक्यात घडी घालून ठेवलेली. गंमत अशी, की १९७०नंतर आखातात कामाला गेलेल्या कोकणी माणसानंही तिकडून हेच खोकं आणलं. अत्तर, टॉर्च, घोंगड्यासारखी जाड ब्लँकेट आणि वडिलांसाठी लुंगी. महाड, म्हसळा, श्रीवर्धनकडच्या घरांत अशा ‘आखाताच्या’ लुंग्या कपाटात जपलेल्या असतात आणि सणाला निघतात. सोमाली म्हातारा आणि कोकणी म्हातारा दोघांची ईदची लुंगी एकाच बेटावर विणलेली, आणि दोघांचीही ती पारंपरिक.

इथे कुणी म्हणेल, मग परंपरा उरली कुठे? माझ्या मते ती मागावर नसते, नेसण्यात असते. सोमाली माणसानं दोन हजार वर्षांत भडोचचं, मोगादिशूचं, अमेरिकेचं, मुंबईचं आणि जावाचं कापड घेतलं. रंग बदलला, माप बदललं, शिवण आली. बदललं नाही ते एवढंच: कापड कमरेभोवती घ्यायचं, पोटावर घडी घालायची, आणि उंटामागे चालताना ते किती वर घ्यायचं व मशिदीत शिरताना किती खाली सोडायचं हे ठरलेलं असायचं. तेवढं टिकलं म्हणून मअवीस सोमाली आहे. जावाचा शिक्का तिला परकी करत नाही.

कापड किती लांब सोडायचं हा प्रश्न वाटतो तेवढा साधा नाही, आणि त्याचं सर्वांत मोठं उदाहरण कशेडीहून दूर नाही. डिसेंबर १९२७मध्ये महाडला चवदार तळ्याच्या लढ्यातली दुसरी परिषद भरली. त्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्त्रियांसमोर वेगळे बोलले आणि लुगडं नेसण्याच्या पद्धतीवर बोलले. अस्पृश्य स्त्रियांनी लुगडं गुडघ्यापर्यंत आखूड नेसायचं, ही खूण जातीची होती. ती टाकून द्या, लुगडं घोट्यापर्यंत घ्या, जात सांगणारे जाड दागिने काढा, असं त्यांनी सांगितलं. महाडच्या टिपणीस आणि चित्रे या घरांतल्या स्त्रियांनी त्यांना नव्या पद्धतीनं नेसायला मदत केली, अशी चळवळीच्या इतिहासात नोंद आहे. कापड तेच राहिलं. फक्त काठ वीतभर खाली आला, आणि तेवढ्यानं गावाला काय कळायचं ते कळलं. शिवलेल्या कपड्याची लांबी शिंपी ठरवतो. गुंडाळायच्या कापडाची लांबी समाज ठरवू पाहतो आणि नेसणारा ती रोज सकाळी मोडू शकतो.

सोमालियात हे वस्त्र अलीकडे राजकारणात आलं ते वेगळ्या तऱ्हेनं. २०२२मध्ये हिरान भागातल्या गावकऱ्यांनी अल-शबाब या अतिरेकी संघटनेच्या खंडणीला आणि जुलमाला कंटाळून बंदुका उचलल्या आणि पुढे सरकारी फौजेबरोबर लढले. गणवेश नव्हता, जे घरी नेसतात तेच नेसून निघाले. त्यांना म्हणतात ‘मअवीसले’, म्हणजे मअवीसवाले. लुंगीवाले हा शब्द तिथे अभिमानानं उच्चारला जातो.

मुंबईत तोच शब्द शिवी होता. १९६६ला शिवसेना स्थापन झाली आणि नोकऱ्यांवरून दाक्षिणात्यांविरुद्ध मोहीम उघडली गेली, तेव्हाची ‘हटाव लुंगी, बजाव पुंगी’ ही घोषणा अजून लोकांच्या तोंडी आहे. नोकऱ्यांचा प्रश्न खरा होता की नव्हता, त्यावर भांडायला वेगळं पुस्तक लागेल. मला खटकतं ते निवडलेलं चिन्ह. घोषणा देणाऱ्या गर्दीत कोकणातले तरुण पुष्कळ होते, आणि त्यांच्याच तालुक्यांतल्या शेजारच्या वाडीत माणसं पिढ्यान्‌पिढ्या लुंगी नेसत होती. भिवंडी आणि मालेगावच्या यंत्रमागांवर तर लुंगी-बनियन हाच कामगाराचा वेष. तरी लुंगी ‘मद्राशी’ ठरली. आपल्या किनाऱ्याचं वस्त्र आपण परक्याच्या नावावर लिहून दिलं आणि मग त्याला हाकलायला निघालो.

असं करणारे आपण एकटे नाही. ढाक्यात बारिधारा या श्रीमंत वस्तीच्या रहिवासी संघानं २०१३मध्ये लुंगी नेसलेल्या रिक्षावाल्यांना आत यायला बंदी केली. ज्या देशात बहुसंख्य पुरुष लुंगी नेसतात त्या देशाच्या राजधानीत! तरुण पोरं लुंगी नेसून सायकलींवरून मोर्चा घेऊन गेली, पोलिसांनी त्यांना अडवलं. पँट ही साहेबाची आणि लुंगी ही नोकराची, ही वाटणी इंग्रज गेल्यावरही शाबूत राहिली.

रायगडच्या किनाऱ्याला या सगळ्याची दुसरी बाजूही ठाऊक आहे. समुद्रातून फक्त माल जात नव्हता, माणसं येतही होती. जंजिऱ्याचे सिद्दी सोमालिया ज्यात येतो त्याच आफ्रिकेच्या शिंगातून आले आणि श्रीवर्धन-म्हसळ्यापर्यंतच्या मुलखावर १९४८पर्यंत त्यांचं संस्थान होतं. महाडहून आंबेत-म्हसळ्यामार्गे त्या मुलखात जायला आज दीड-दोन तास लागतात. ‘आफ्रिका’ हा शब्द आपण लांबच्या प्रदेशासाठी वापरतो. रायगड जिल्ह्यानं तरी तसा वापरू नये.

लुंगी आता मागे पडते आहे, इथेही आणि तिथेही. मोगादिशूत ऑफिसला जाणारा तरुण पँट घालतो, मअवीस घरी आणि शुक्रवारी. कोकणातली पोरं बर्मुडा घालतात. त्यांना लुंगी बांधता येत नाही, सुटेल म्हणून भीती वाटते. कशेडीच्या बोगद्यातून जाणाऱ्या नव्या ट्रकांच्या केबिनला वातानुकूलन येऊ लागलं आहे आणि ते सर्वत्र झालं की चालकाच्या लुंगीचं सर्वांत व्यवहारी कारण संपेल. रडण्यासारखं त्यात काही नाही. धोतर गेलं, तशी हीसुद्धा जाईल. फरक इतकाच, की धोतराचे फोटो, वर्णनं, नेसण्याच्या तऱ्हा लिहिलेल्या सापडतात. कोकणातल्या लुंगीबद्दल मराठीत कुणी धड लिहिलेलं नाही, कारण ती हिंदूंना मुसलमानांची वाटली, देशावरच्यांना मद्राशाची वाटली आणि नेसणाऱ्यांना लिहिण्याइतकी मोठी वाटली नाही.

तेव्हा वाचकांना एक काम सांगतो. तुमच्या घरात आजोबांची, चाचांची, एखाद्या खलाशी मामाची जुनी लुंगी असेल, तर तिचं फडकं करण्याआधी काठ उलटून शिक्का वाचा. कुठल्या गावात विणली, कुठल्या बंदरात घेतली, कोणत्या साली, हे घरातलं जे माणूस सांगू शकेल त्याला आजच विचारा आणि लिहून ठेवा.